चिकाचा हलवा, १८० चष्मे आणि धाकटीचा बात मित्झवा : तुम्ही विचारलेले प्रश्न

जानेवारीपासून हलव्याच्या ऑर्डरी घ्यायला लागलो आणि तेव्हापासून फोनवर, लिफ्टमध्ये, सिनेगॉगच्या म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाच्या पायऱ्यांवर, भाजीवाल्याकडे, जिथे जाईन तिथे तेच तेच प्रश्न येतायत, आणि विचारणारे सगळे आपुलकीनेच विचारतात म्हणून प्रत्येकाला नीट उत्तर द्यावंसं वाटतं पण वेळ पुरत नाही. म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. काही उत्तरं धाकटीची आहेत, तिथे तसं सांगितलंय.

एका दमात सांगा, नेमकं चाललंय काय?

आमची धाकटी मे महिन्यात १२ वर्षांची होतेय, तिचा बात मित्झवा आहे, म्हणजे आम्हा ज्यूंमध्ये मुलगी धर्माने जाणती होते तो दिवस. त्यानिमित्त ती घरी गव्हाच्या चिकाचा हलवा करून विकतेय, १८० रुपयांना एक डबा, आणि त्या पैशातून रायगड जिल्ह्यातल्या तीन शाळांमधल्या मुलांचे डोळे तपासून ज्यांना लागतील त्यांना चष्मे करून द्यायचे असं ठरवलंय. टार्गेट १८० चष्म्यांचं आहे. एक चष्मा, चांगली लेन्स, मुलाने स्वतः निवडलेली फ्रेम आणि केस धरून, आम्हाला ५०० रुपयांना पडतोय, म्हणजे ९० हजार रुपये. म्हणजे ५०० डबे. हो, ५००, आम्हालाही आधी ऐकून घाम फुटला होता.

तुम्ही ज्यू, मग मराठी कसं काय इतकं चांगलं?

कारण आमची मातृभाषाच मराठी आहे हो. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमच्यात परंपरेने सांगतात की आमचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, तिथे आजही जुनं दफनस्थान आहे. मग कोकणातल्या गावागावात पसरले, तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायला लागले. आडनावं पण गावावरून, पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. अलिबागला इस्रायल आळी आहे, सिनेगॉग आहे. सणांची नावंसुद्धा घरात मराठीच होती, माझी आजी रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, नव्याचा सण म्हणायची आणि योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाला, दारफाळणीचा सण. बरेच जण १९४८ नंतर इस्रायलला गेले, तिथेही दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत मराठी बोलणारी घरं आहेत. इथे आता संपूर्ण देशात मिळून चार-पाच हजार ज्यू उरलेत, त्यातले पुष्कळसे मुंबई-ठाण्याकडचे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते.

बात मित्झवा म्हणजे मुंज का?

शेजारच्या काकूंना मी पण तसंच सांगते, पटकन कळतं म्हणून. पण थोडा फरक आहे. मित्झवा म्हणजे आज्ञा, देवाने सांगितलेलं कर्तव्य. बार म्हणजे मुलगा, बात म्हणजे मुलगी. मुलगा १३ चा झाला आणि मुलगी १२ ची झाली की ती आज्ञा पाळायची जबाबदारी त्यांच्या स्वतःच्या अंगावर येते, समारंभ करा नाहीतर नका करू. म्हणजे खरं तर बात मित्झवा 'करत' नाहीत, मुलगी बात मित्झवा 'होते'. आत्तापर्यंत तिने दारफाळणीचा उपास अर्धा सोडला तरी चालायचं, आता तिचा हिशेब तिचा. आणि त्याच आज्ञांमध्ये दानधर्माची आज्ञा पण येते, म्हणून हा सगळा खटाटोप.

मुलगी तोरा वाचणार का?

तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ. आमच्या सिनेगॉगात मुली तो वाचत नाहीत. मुलगे तेबावर, म्हणजे मधल्या चौथऱ्यावर, उभं राहून सेफेर तोरामधून, तोराच्या गुंडाळीतून, वाचतात, आमच्याकडे बायका वर गॅलरीत बसतात आणि मुलींचं पूर्वी फारसं काही नसायचंच. माझा १२ वा वाढदिवस आला, आईने नवा फ्रॉक घेतला, मालिदा (आमचा गोड पोह्यांचा प्रसाद) केला, संपलं. जगात सुद्धा मुलीने सगळ्यांसमोर उभं राहून तोरामधला भाग वाचायची गोष्ट तशी अलीकडचीच आहे, न्यूयॉर्कला १८ मार्च १९२२ ला ज्युडिथ कॅपलान नावाच्या मुलीने वाचला तो अमेरिकेतला पहिला सार्वजनिक बात मित्झवा मानतात. आपल्या मुंबईत पण १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्युइश रिलिजियस युनियन ही उदारमतवादी ज्यूंची संस्था काढली होती, तीच झिराडबाई ज्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या आणि पुढे १९६६ ला पद्मश्री झाल्या, बेने इस्रायल बाई! धाकटीला मी हे सांगितल्यावर ती म्हणाली मग मी पण बोलणार. हझानसाहेबांशी, म्हणजे सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्यांशी, बोलून असं ठरलंय की प्रार्थना झाल्यावर हॉलमध्ये ती तिच्या आठवड्याच्या भागावर मराठीत दहा मिनिटं बोलेल. बायका खाली हॉलमध्ये असतातच, त्यामुळे तिच्या आजीला समोर बसून ऐकता येईल.

तिचा भाग कुठला आहे, आणि त्याचा चष्म्याशी संबंध काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो म्हणून जरा लांब लिहिते.

तोराचे आठवड्यांप्रमाणे भाग पाडलेत, ज्या आठवड्यात तुमचा दिवस येईल तो तुमचा भाग. तिचा आलाय केदोशीम. तोरामधल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायापासून सुरू होतो. त्यात दोन ओळी आहेत. एक म्हणजे, शेत कापताना शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. आणि दुसरी, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका.

आता धाकटीला स्वतःला तिसरीत चष्मा लागला. त्याआधी वर्षभर शाळेतून तक्रार, लक्ष नसतं, बाजूच्या मुलीच्या वहीत बघून लिहिते, आणि आम्ही तिला ओरडलो पण, अभ्यास नको म्हणून बहाणे करते असं वाटलं. मग कोणीतरी म्हणालं डोळे दाखवा. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वादोन निघाला. चष्मा आल्यावर पहिल्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या प्रार्थनेला, ती माझ्याबरोबर गॅलरीत बसली होती आणि खाली हेखालच्या, म्हणजे तोरा ठेवायच्या कपाटाच्या, वरती बोट दाखवून मोठ्याने म्हणाली, आई ती अक्षरं आहेत! इतकी वर्षं तिला ती नक्षी वाटत होती. जन्मापासून दर आठवड्याला समोर बघत होती ती. मला त्या दिवशी इतकं रडू आलं, ओरडले होते ते सगळं आठवून.

त्यामुळे तो भाग वाचल्यावर तिने स्वतःच काढलं की ज्या मुलाला फळा दिसत नाही आणि आपण त्याला ढ म्हणतो, ते म्हणजे त्याच्या वाटेत अडखळण ठेवणंच आहे. हे तिचं वाक्य आहे, मी शिकवलेलं नाही.

डब्यात कोपऱ्याची वडी का नसते? माझ्या तिन्ही डब्यांत एकही नव्हती.

बरोबर बघितलंत. हलवा आम्ही चौकोनी ट्रेमध्ये थापतो आणि प्रत्येक ट्रेचे चारही कोपरे विकत नाही. धाकटीचा नियम आहे हा, शेताच्या कोपऱ्यावरून. ते कोपरे कापून स्टीलच्या डब्यात घालून बिल्डिंगच्या खालच्या जिन्याशी ठेवतो, वॉचमनकाका, कचरा न्यायला येणारे, पार्सलवाले, ज्याला हवं त्याने घ्यायचं. आम्ही हातात उचलून देत नाही. हे मुद्दाम आहे, कारण शेताच्या कोपऱ्याबद्दल शास्त्र असंच सांगतं की मालकाने कोणाला द्यायचं ते ठरवायचं नाही, तो भाग त्याचा नाहीच मुळी, ज्याला गरज आहे त्याने येऊन घ्यायचा. किमान किती सोडायचा तेही मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथात दिलंय, साठावा हिस्सा. आमचे चार कोपरे त्याहून जास्त भरतात.

म्हणजे हे दान नाही का?

आम्ही सेदाका म्हणतो. हिब्रूत त्याचं मूळ सेदेक, म्हणजे न्याय. दया येऊन दिलेलं ते वेगळं, हे ज्याचं त्याला पोचवणं. म्हणूनच आमच्यात गरीब माणसानेही सेदाका द्यायचाच असतो, आणि देणाऱ्याने मिरवायचं नसतं. मायमोनिडीज, आम्ही त्यांना रामबाम म्हणतो, १२ व्या शतकात इजिप्तमध्ये राहणारे मोठे पंडित आणि पेशाने वैद्य, त्यांनी सेदाकाच्या आठ पायऱ्या लिहून ठेवल्यात. सगळ्यात खाली तोंड वाकडं करून दिलेलं. त्यावर हळूहळू, मागितल्यावर दिलेलं, मागायच्या आधी दिलेलं, असं करत वर जाता, वरून दुसरी पायरी म्हणजे देणाऱ्याला घेणारा माहीत नाही आणि घेणाऱ्याला देणारा. आणि सगळ्यात वर, समोरच्याला काम द्या, कर्ज द्या, भागीदार करा, म्हणजे त्याला पुढे कोणाकडे मागायची वेळच येऊ नये. चष्मा कुठल्या पायरीवर येतो यावर आमच्या घरी शुक्रवारी रात्री जेवताना भरपूर वाद झालाय. माझ्या नवऱ्याचं म्हणणं सगळ्यात वरच्या, कारण दिसलं तर शिकेल. सासूबाई म्हणतात पायरी देवाला मोजू दे, तू हलवा ढवळ.

मुलांचे चष्मा घालताना फोटो कधी टाकणार?

टाकणार नाही. कृपया आग्रह करू नका. याबद्दल चार-पाच जण नाराज झालेत, एकांनी तर सांगितलं की फोटोशिवाय लोक विश्वास कसा ठेवणार. विश्वासासाठी बिलं आहेत, ती दाखवतो. मागे एका कार्यक्रमात मी स्वतः बघितलंय, मुलं रांगेत उभी, हातात वही आणि मागे देणाऱ्याच्या नावाचा बॅनर, आणि एक मुलगी सतत ओढणीने तोंड झाकत होती आणि फोटोवाला सांगत होता बाळा इकडे बघ. ती मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही. चष्मा शाळेतल्या बाई वर्गात देतात, बाकीच्यांना पाठ्यपुस्तकं देतात तसा, आणि मुलांना एवढंच माहीत असतं की शाळेतून मिळाला. धाकटी पहिल्या तपासणीला फक्त एकदा गेली होती, तक्ता धरायला.

तपासणी कोण करतं? नुसतं मशीन लावून नंबर काढता का?

नाही. शिकलेले ऑप्टोमेट्रिस्ट येतात, एका दिवसाचे ठरवलेले पैसे घेतात, ते आम्ही घरातून देतो, हलव्याच्या पैशातून नाही. आधी सगळ्यांना सहा मीटरवरून तक्ता वाचायला लावतात. जी लहान मुलं अक्षरांना बिचकतात त्यांच्यासाठी ई चा तक्ता असतो, त्यात ई ची तोंडं चारही दिशांना फिरवलेली असतात आणि मुलाने दांड्या कुठल्या बाजूला आहेत ते नुसतं हाताने दाखवायचं. जे अडखळतात त्यांचा नीट नंबर काढतात, एका डोळ्याचा वेगळा, दुसऱ्याचा वेगळा, तिरपा नंबर असेल तर तोही, आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतात. नुसत्या मशीनच्या नंबरावर मुलांचा चष्मा करू नये असं ते म्हणतात, कारण मुलं जवळ बघायचा जोर लावतात आणि उण्याचा नंबर जास्त येतो, म्हणून काहींना डोळ्यात औषध घालून तपासायला पुढे पाठवावं लागतं. पहिल्या शाळेत असे सात जण निघाले, त्यातल्या एकाचा एक डोळा आळशी आहे, त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलंय, वय लहान आहे म्हणून अजून उपाय आहे असं डॉक्टर म्हणाले.

माझ्याकडे घरात सात-आठ जुने चष्मे पडलेत, देऊ का?

मनापासून थँक्यू पण नको. तुमचा नंबर तुमचा, मुलाचा नंबर मुलाचा, अंदाजे जवळपासचा घालून चालत नाही, डोकं दुखतं आणि मूल चष्मा फेकून देतं आणि घरचे म्हणतात बघा चष्म्याने त्रास होतो. शिवाय मोठ्यांची फ्रेम मुलांच्या नाकावरून घसरते. आम्ही काच पण वापरत नाही, खेळताना फुटली तर डोळ्यात जाईल, प्लास्टिकची लेन्स घेतो. आणि फ्रेम मुलं स्वतः निवडतात. आम्ही आधी एकच काळी फ्रेम सगळ्यांना घेणार होतो, स्वस्त पडत होती, धाकटीच म्हणाली मला कोणी तशी दिली असती तर मी दप्तरातच ठेवली असती. तिचं ऐकलं ते बरं झालं, पहिल्या शाळेत सगळ्यात जास्त खपला तो लाल रंग.

लहान वयात चष्मा लावला की नंबर वाढतो ना?

नाही. मूल वाढतं तसा डोळा वाढतो आणि नंबर बदलतो, चष्मा लावा किंवा नका लावू. न लावल्याने मधली वर्षं मात्र धूसर जातात. गाजर खाल्ल्याने पण नंबर जात नाही, गाजर चांगलं आहे, खावं. आणि हो, मुलीला चष्मा लागला तर पुढे लग्नाचं कसं, हे दोन आयांनी शाळेत बाईंना विचारलं. त्यांच्यावर मी हसणार नाही, त्यांची काळजी खरी आहे. बाईंनी स्वतःचा चष्मा काढून दाखवला आणि म्हणाल्या माझं झालंय. वर्षाने नंबर परत तपासायचाय, त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवतोय.

१८० हाच आकडा का? डबा पण १८० चा.

हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते. खाय या शब्दाचा अर्थ जिवंत, त्याची दोन अक्षरं खेत आणि योद, ८ आणि १०, मिळून १८. म्हणून ज्यू लोक आहेर, देणगी १८ च्या पटीत देतात, आपण १०१, ५०१ देतो ना तसं. आमच्या घरी दोन्ही चालतं, आत्याने १८०१ चं पाकीट दिलंय.

चिकाचा हलवा म्हणजे काय? दुधी हलव्यासारखा का?

नाही हो. कुरडयांचा चीक माहितेय ना, तोच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून फडक्यातून पिळून काढायचं, रात्रभर ठेवलं की खाली पांढरा घट्ट चीक बसतो आणि वरचं पिवळट पाणी ओतून टाकायचं. मग तो चीक नारळाच्या दुधात आणि साखरेत शिजवायचा, वेलची, गुलाबी रंग, वरून बदाम-पिस्त्याचे काप. आमच्याकडे नव्याच्या सणाला घरोघरी होतो. नारळाचं दूध का, तर आमच्यात मटणाबरोबर गाई-म्हशीचं दूध चालत नाही, सणाला जेवणात मटण असतंच, म्हणून गोड पदार्थ नारळाच्या दुधातला.

सोपा वाटतो पण अजिबात नाही. दोन-दोन तास ढवळत राहायचं, क्षणभर हात थांबला की बुडाला लागतो. पहिला घाणा आमचा लागला. धाकटी ढवळत होती, दारावर बेल वाजली म्हणून बघायला गेली, एवढ्यात गेला. चार किलोचा घाणा, १५ नारळ. ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि मी काही बोलले नाही, बाहेर आल्यावर सासूबाईंनी तिला पातेलं घासायला दिलं आणि स्वतः दुसरे गहू भिजत घातले. त्यानंतर घाणा चालू असताना आमच्याकडे कोणी दार उघडत नाही, कृपया राग मानू नका, डबा न्यायला पाचनंतरच या. आता ती कलथ्याला लागणाऱ्या जोरावरून सांगते की अजून किती वेळ. कडा सुटायला लागल्या आणि तूप न घालताही गोळा चकचकला की झालं.

डब्याच्या १८० पैकी किती पैसे खरंच चष्म्याला जातात?

सगळे १८०. गहू, साखर, नारळ आजी, दोन्ही आत्या आणि मावशी मिळून देतायत, गॅस आमचा, डबे धाकटीच्या बाबांनी घेतले. ऑप्टिशियनचं बिल थेट त्यांच्या खात्यावर भरतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी डब्यांचा आकडा, जमा पैसे आणि बिल, मुलांची नावं झाकून, ग्रुपवर टाकतो. हा हिशेब धाकटी वहीत हाताने लिहिते. आत्तापर्यंत २७४ डबे गेलेत आणि ६१ चष्मे झालेत.

८०जी ची पावती मिळेल का?

नाही, आम्ही कुटुंब आहोत, ट्रस्ट नाही. तुम्ही हलवा विकत घेताय असंच धरा. करसवलत हवी असेल तर डोळ्यांचं काम करणाऱ्या नोंदणी झालेल्या ट्रस्टला थेट द्या, मलाही आनंदच आहे, फक्त दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, रोखीला सवलत मिळत नाही, आणि नवी कररचना घेतली असेल तर ही सवलत नाहीच.

आम्ही इस्रायलला / अमेरिकेत आहोत, पैसे पाठवू का?

नका पाठवू, प्लीज. परदेशी नागरिकांकडून देणगी घ्यायची तर संस्थेला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी लागते, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं, आम्ही त्यात पडणार नाही आणि मुलीच्या पहिल्याच कामात नियमाला वळसा नको. तुम्ही तिकडेच तुमच्या गावात एखाद्या मुलाचा चष्मा करा आणि आम्हाला नुसतं कळवा, धाकटी वहीत वेगळ्या पानावर लिहितेय, आत्तापर्यंत अश्दोदचे दोन आणि न्यू जर्सीचा एक झालाय.

ही पद्धत आपल्यात जुनी आहे का? आमच्या वेळी नव्हती.

मावशी, बरोबर आहे तुमचं. दान जुनं, पण बार मित्झवाला मुलाने स्वतः काहीतरी उपक्रम करायचा हे अमेरिकेतल्या सिनेगॉगांमध्ये रुजलं आणि तिथून पसरलं. तिकडे १९७०-८० च्या काळात सोव्हिएत रशियात अडकलेल्या ज्यू मुलांबरोबर जोडीने बार मित्झवा करायचे, इथे उभं राहून त्या मुलाचं नाव घ्यायचं कारण त्याला तिकडे करता येत नव्हता. तसंच १९८५ मध्ये मॅझोन नावाची संस्था निघाली, ती म्हणते समारंभाच्या खर्चाच्या तीन टक्के भुकेल्यांसाठी द्या. माझ्या नणंदेच्या मुलाने न्यू जर्सीला केलं तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. बाहेरून आलं म्हणून वाईट नाही, आपल्याकडे येऊन त्याला चिकाचा वास लागला की आपलंच.

मालिदा पण विकणार का? मला तुमच्याकडचा मालिदा फार आवडतो.

मालिदा विकत नाहीत. तो एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने केलेला असतो, पोहे, नारळ, साखर, सुकामेवा आणि पाच फळं, प्रार्थना म्हणून मग वाटायचा. बात मित्झवाच्या आधीच्या गुरुवारी घरी आहे, या आणि पोटभर खा.

पेसाखच्या दिवसांत ऑर्डर का बंद?

पेसाख हा आमचा वसंतातला सण, त्याचे आठ दिवस घरात गव्हाचा आंबवलेला, भिजवलेला कणही चालत नाही, आणि आमचा हलवा तर तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा. त्याआधी आठवडाभर साफसफाई. ते दिवस सोडून लगेच पुन्हा सुरू, शेवटचे घाणे बात मित्झवाच्या आठवड्यात.

शनिवारी मेसेजला उत्तर येत नाही.

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आम्ही पैशाला आणि फोनला हात लावत नाही. पेमेंट केलंत तरी रात्री बघू. बात मित्झवा शनिवारीच आहे, त्यामुळे त्या दिवशी पाकिटं आणू नका, कोणी घेणार नाही आणि तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल. ओमेरचे, म्हणजे पेसाखनंतरचे गाणं-बजावणं टाळायचे, दिवस असल्यामुळे डीजे वगैरे पण नाही, साधं जेवण आहे.

मग चष्मे बात मित्झवाच्या दिवशी वाटणार का?

नाही, ते होतील तसे जातायत. मेमध्ये शाळांना सुट्टी असते आणि मार्च-एप्रिलला परीक्षा, फळा आत्ता दिसायला हवा, आमच्या समारंभासाठी कोणा मुलाने तीन महिने का थांबायचं. पैसे कमी पडले तर आम्ही पुढे भरतो आणि डबे विकले जातील तसे घेतो. तिसरी शाळा राहिलीय, ती जूनमध्ये उघडल्या उघडल्या करायची. म्हणजे धाकटीचा बात मित्झवा होऊन गेल्यावर सुद्धा महिना-दीड महिना काम आहे, आणि ते तिला पार पाडायचंय.

धाकटी दमत नाही का? अभ्यासाचं काय?

दमते. घाणे फक्त रविवारी. परीक्षेचे दोन आठवडे पूर्ण बंद ठेवले होते आणि तेवढ्यात ऑर्डरी रद्द करणाऱ्या दोघांना पैसे परत केले. ढवळायचं काम एकटीने होत नाही, पण गहू भिजवणं, चीक काढणं, वड्या कापणं आणि हिशेब तिचाच. तुम्ही पैसे सरळ द्या ना, कशाला पोरीला राबवता, असं एका काकांनी प्रेमाने सांगितलं. काका, आम्ही ९० हजार भरले असते तर तो आमचा सेदाका झाला असता, तिचा नाही.

डबा किती दिवस टिकतो?

बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये आठवडा. नारळाचं दूध आहे, उन्हाळा आहे, जपून. एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन काढलंय, नंबर डब्यावर आहे. बदाम-पिस्ते आहेत, ज्यांना चालत नाहीत त्यांनी आधी सांगा, साधा ट्रे वेगळा करतो. अजिनोमोटो, जिलेटिन काही नाही.

मला डबा नको, गोड चालत नाही मला, पण काहीतरी करायचंय.

या ना, रविवारी सकाळी सात वाजता ढवळायला या. दर वीस मिनिटांनी हात बदलतो, सध्या आम्ही पाच जणी आहोत आणि तिसऱ्या घाण्याला सगळ्यांचे खांदे जातात. लांब दांड्याचा लाकडी कलथा असेल तर घेऊन या, आमच्याकडे दोनच आहेत. आणि सातच्या आत या, एकदा पातेलं चढलं की दार उघडणार नाही.